लगीनवाल्यांच्या बाजूनं

१ डिसेंबर ९९, बुधवार
बियाण्याच्या दुकानातून जानेवारीत फुकट मिळालेली डायरी आज उघडली. दरसालचं हेच. अकरा महिने पानं कोरी, अन् डिसेंबर लागला की मला लिहायची हुक्की येती. बायको म्हणायची, "तुमचं वरीस डिसेंबरातच उगवतं अन् डिसेंबरातच मावळतं."
मागच्या सालाच्या डायऱ्या काढल्या. सगळीकडं कौ. बाजारला गेली, कौ. रागावली, कौ.चा पाय मुरगळला. कौसा, दोन अक्षरांचं नाव, तेबी मी अर्धंच लिहीत आलो.
औंदाची जुलैची पानं उलटली. कोरी. जुलैत ती गेली. आठवडाभर ताप, मंग औरंगाबादचा दवाखाना, मंग काहीच न्हाई.
कापसाची दुसरी वेचणी चालू हाय. तूर बरी. थंडी पडून राह्यली.

५ डिसें., रवि.
सकाळी गज्या आल्ता. बिनलग्नाच्यांचा कॅप्टन. तिशीला टेकला, पोरी पसंत पडत न्हाईत म्हणतो. पोरींच्या बापांना इचारलं तर उलटं सांगत्यात. ओसरीवर बसला, चहा प्याला, तुरीचं बोलला, विजेचं बोलला. मंग हळूच:
"आण्णा, एकतीस तारखेच्या कबड्डीला औंदा तुमी आमच्याकडून."
मला कळंना. म्हणलं, "कामून?"
"नियमच हाय ना. एकीकडं लगीनवाले, दुसरीकडं बिनलग्नाचे. अन् तुमी आता..."
जमिनीकडं बघत बसला. वर म्हणतो, "तुमच्यासारखा पाय धरणारा आमच्यात कोणी न्हाई." म्हणजे मोठ्या इज्जतीनं न्यायला आल्ता.
"बघू" म्हणलं अन् वाटं लावलं. चहा वाया गेला.

६ डिसें.
राग उतरला न्हाई अजून.
केदारखेड्याची ही कबड्डी दरसाल ३१ डिसेंबरला, नदीकडच्या शाळंच्या पटांगणात. लगीन झालं तवापास्नं मी लगीनवाल्यांत, एकबी साल चुकवलं न्हाई. गुडघ्याला सूज असतानाबी खेळलो. आपल्या गावची पद्धत अशी की लगीनवाल्या गड्यानं रेघंच्या आत पाय टाकायच्या आधी उखाण्यात बायकोचं नाव घ्यायचं. न्हाई घेतलं तर बाहेर बस. बाया शाळंच्या ओट्यावर बसून ऐकत्यात अन् खिदळत्यात.
घरात मी तिला "ऐकलं का" म्हणायचो, ती मला "अवं". सगळा संसार ह्या दोन शब्दांवर झाला. तिचं नाव मह्या तोंडून वर्षातून एकदाच निघायचं, त्या रेघंवर. अन् ती वस्ताद. ओट्यावरून वरडायची, "ऐकू आलं न्हाई." मी पुन्हा घ्यायचो. पुन्हा, "ऐकू आलं न्हाई." तिसऱ्यांदा घेतल्याशिवाय सोडायची न्हाई. सगळं गाव हसायचं, मी लाल.
गज्याकडून खेळलो तर उखाणा न्हाई. उखाणा न्हाई तर नाव न्हाई. हे त्या येड्याला कसं सांगावं.

१० डिसें., शुक्र.
ऑस्ट्रेलियात टेस्ट लागली. तिकडचा सामना म्हणजे इकडं पहाट. दुधं काढायला कौ. उठलेलीच असायची, मला हलवायची, "उठा, तुमचे लोक खेळून राह्यले." तुमचे लोक. हरले तरी मलाच बोलायची. जूनमधल्या वर्ल्डकपला मात्र आमच्यासंगं बसल्ती. पाकिस्तानवर जिंकलो त्या दिशी जिलेबी आणायला तिनंच पिटाळलं. सायकलवाला बशीरभाई सामन्याला घरीच होता, त्यानं सगळ्यांत जास्ती खाल्ली.
आज उठवायला कोणी न्हाई म्हणून पडून होतो. तर टीव्हीचा आवाज. बारीक. सून टीव्ही लावून आत निघून गेल्ती.
सुनिता, संतोषची बायको. लगीन होऊन दोन सालं झाली पण मह्याम्होरं तोंड उघडत न्हाई. बोलली तरी दाराआडून, अन् तेबी असं की अर्धं दारालाच ऐकू जावं. सासूसंगं मात्र दिवसभर कुजबुज चालायची. दोघी मिळून मला हसायच्या. मला ठाऊक होतं, मी ठाऊक न्हाई असं दाखवायचो.
रमजान सुरू झाला.

१३ डिसें., सोम.
नाम्या रस्त्यात भेटला. नामदेव, लगीनवाल्यांचा कॅप्टन, लहानपणापास्नंचा दोस्त. मला बघून सायकल दुसऱ्या गल्लीत घालून राह्यला होता. हाक मारली तवा थांबला.
म्हणलं, "गज्या येऊन गेला. तू कामून आला न्हाईस?"
"मला काय, तू हायेसच रंगनाथ. पण लोक बोलून राह्यले. अजून साल भरलं न्हाई वहिनीला. ओट्यावर समद्या बाया, तू नाव घेणार, अन् कोणी रडायला लागलं तर खेळाचा इस्कोट."
"कोण रडतंय?"
घंटी वाजवीत बसला नुसता. मंग म्हणाला, "मीच. दुसरं कोण."
वहिनीच्या हातची भाकरी त्यानं मह्याइतकीच खाल्लेली. दोघंबी हापशापाशी उभे राह्यलो, मंग त्यानं कापसाच्या भावाचं काढलं.

१५ डिसें.
टेस्ट हरले. चांगलेच हरले. "तुमचे लोक," असं कोणी म्हणलं न्हाई.
उखाणा करायला बसलो. जुना चालत न्हाई, नवाच लागतो, अन् बशीरभाई पंच असल्यानं फसवायची सोय न्हाई. त्याला समद्यांचे समदे पाठ. मह्या पहिल्या सालचा तर अख्ख्या गावाला पाठ हाय:
ज्वारीच्या शेतावर पाखरांचा थवा,
कौसाचं नाव घेतो, आता चहा ठेवा.
अन् तिनं नव्या नवरीची लाजशरम बाजूला ठेवून ओट्यावरून उत्तर दिल्तं, "दूध न्हाई." महिनाभर पोरं मला बघितलं की "दूध न्हाई" म्हणायची. आईनं तिला रागं भरलं. मला मात्र तवाच पसंत पडली ती, लगीन आधी झालेलं, पसंती त्या दिशी.
औंदाचा:
शतक सरलं, आलं दोन हजार साल,
कौसाचं नाव घेतो,
पुढं गाडी जाईना. "हाल" लिहिलं अन् खोडलं. हाल कुठं हायेत. सून येळेवर जेवू घालती, पोरगा शेत बघतो, आज वांग्याचं भरीत होतं अन् मी दोन भाकरी जास्ती खाल्ल्या. खोटं कामून लिहावं.

१८ डिसें., शनि.
भोकरदनला गेल्तो. बँकेत आधी काम, मंग अक्काकडं. बँकेतला साहेब म्हणे जल्दी करा, नव्या सालात कॉम्प्युटर बंद पडतील का काय सांगता येत न्हाई. त्याच्या चेहऱ्यावरनं तर तो आत्ताच बंद पडलेला वाटला.
अक्का, मही थोरली बहीण. तिच्यापर्यंत बातमी पोचलेली. म्हणे, "बायको गेल्यावर नाव घेत्यात का कुठं? अन् तेबी सालाच्या आत? दिवाळीला आपण तळण केलं न्हाई अन् तू उखाणे घेत फिर."
"तळणाचा अन् उखाण्याचा काय संबंध?"
"लोक म्हणतील याला दुसरी करायची हाय." मंग जरा थांबली अन् आवाज बदलला. "तसं असंल तर वाटूरला एक हाय. पोरंबाळं न्हाईत. स्वभावानं गरीब. मंग तर तू बराबर लगीनवाल्यात."
मला हसायला आलं. म्हणलं, "अक्का, मला एकच नाव घेता येतं. तेबी इतक्या सालात नीट यमकात बसलं न्हाई."
ती हसली न्हाई. पण निघताना तिळाचे लाडू बांधून दिले अन् म्हणाली, "तिला आवडायचे." ह्या बाईचं काही कळत न्हाई.

२१ डिसें.
पारावर कॉम्प्युटरचीच चर्चा. संतोषनं समजावून सांगितलं. कॉम्प्युटरला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळत्यात, म्हणून दोन हजार साल लागलं की त्याला वाटणार एकोणीसशे आलं. नाम्या म्हणतो, "म्हणजे आपण परत निजामात. सारा भरा आता."
समदे हसले. मीबी. घरी येताना मात्र डोक्यात राह्यलं. शंभर सालं कशाला, एकच साल मागं गेलं तरी मला पुरं होतं.
"आता कशी हाय" असं कोणी तिच्याबद्दल इचारत न्हाई, हे आज ध्यानात आलं. दवाखान्यात होती तवा दिवसभर इचारायचे. साधी गोष्ट हाय, पण ध्यानात आली.

२५ डिसें., शनि.
विमान पळवलं. काठमांडूहून निघालेलं आपलं विमान. इथं उतरलं, तिथं उतरलं, आता पार अफगाणिस्तानात. ग्रामपंचायतीच्या टीव्हीम्होरं गर्दी. उन्हाळ्यात कारगिलच्या टायमाला झाल्ती तशीच. विमानातल्यांच्या घरचे लोक रडून राह्यलेत, ओरडून राह्यलेत, आमची माणसं आणा म्हणून. नवी लगनं झालेली जोडपी लै हायेत म्हणे त्यात, फिरायला गेलेली.
घरी सुनिता आज दाराआडून बाहेर आली अन् उंबऱ्यावर बसून बातम्या बघितल्या. पदर तोंडाला. मी म्हणलं, "सुटतील." तिनं मान हालवली फक्त.
दुसरी टेस्ट उद्यापास्नं.

२६ डिसें.
संतोष सकाळपास्नं मह्याभोवती घुटमळत होता. पोरगा आईवर गेला न्हाई, मह्यावर गेला, बोलायच्या आधी दहा फेऱ्या मारतो. शेवटी गोठ्यात गाठलं.
"आण्णा, एक इचार हाय. औंदा बशीरचाचाला रोजा हाय, दिवसभर पाणीबी न्हाई. तर पंच तुमी व्हा. म्हणजे ना ह्या बाजूला ना त्या."
पोरानं मह्याचसाठी काढलं होतं हे. बापाची रेघंवर फजिती नको. मला एक घटका पटलंबी. शिट्टी घ्यायची, मधी उभं राह्यचं, कोणी काही इचारायचं न्हाई.
म्हणलं, "तुला काय वाटतं, मी नाव घेऊ न्हाई?"
गाईच्या पाठीवर हात फिरवीत राह्यला. "मी तर सुनिताचं घेणार ना आण्णा. मह्या मागं तुमी उभे. मला कसं घेववंल?"
गाईचं शेण काढलं दोघांनी.

२७ डिसें., सोम.
बशीरभाईच्या सायकल दुकानात गेलो. उघड्यावर पंक्चर काढून राह्यला होता, ओठ सुकलेले. संतोषचा इचार सांगितला.
"मेरी शिट्टी तेरे कू दूं?" हातातलं टायर खाली ठेवलं त्यानं. "आण्णा, रोजा मेरे मुंह कू है, शिट्टी कू नै."
म्हणलं, "मंग तूच सांग. मी कोणच्या बाजूला?"
इचार केला त्यानं. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बघत.
"देखो, कायदा एकीच है. जोरू का नाम लिया वो लगीनवाला. नै लिया वो नै. जोरू घर में है के ऊपर है, ये पूछना पंच का काम नै." मंग म्हणे, "पण नाम लेनाच पडेगा. पूरा. तेरे वास्ते कायदा नै बदलूंगा."
एवढंच पाहिजे होतं मला. येताना सायकलची हवा त्यानं फुकट भरून दिली, जी कधी देत न्हाई.
नाम्याला जाऊन सांगितलं. तो म्हणे, "पंच म्हणतो तर झालं." सुटल्यासारखा दिसला. गज्याला निरोप धाडला, बिनलग्नाच्यात मही जागा न्हाई सध्या.

२९ डिसें.
विमान अजून तिथंच. बोलणी चालू म्हणत्यात.
गुडघा दुखून राह्यला. शेकला. शेतात तुरीच्या ओळीतून पाय धरायची प्रॅक्टिस केली, एक बांधावरचा वाटसरू उभा राहून बघायला लागला, मंग मी काहीतरी हुडकतोय असं दाखवलं.

३० डिसें., गुरु.
मेलबर्नलाबी हरले. कॅप्टननं एकट्यानं शंभर मारले, बाकीचे येऊन जाऊन राह्यले. मला त्याची कीव आली. एका माणसानं किती धरून ठेवावं.
उखाणा झाला:
शतक सरलं, आलं दोन हजार साल,
कौसाचं नाव घेतो, जशी होती ती काल.
यमक बसलं. पहिल्यांदाच इतकं चांगलं बसलं. पण "होती" खटकून राह्यलं. उखाण्यात होती कोणी म्हणत न्हाई. "हाय" घातलं तर यमक मोडतं अन् खोटंबी होतं. ओसरीवर मोठ्यानं म्हणून बघितलं, दोनदा अडखळलो. आत भांडी वाजायची थांबल्ती. सुनितानं ऐकलं असणार. जाऊ दे.
एकच भ्या वाटतं. नाव घेतल्यावर गप्प होईल समदं. शाळंच्या ओट्यावरनं कोणी वरडणारं न्हाई.

३१ डिसें., शुक्र., रातच्याला
विमानातले लोक सुटले. आत्ताच टीव्हीवर दाखवलं, विमानातनं उतरून येताना, कोणी बायकोला धरून, कोणी पोराला धरून. त्यांच्या बदल्यात काय काय दिलं त्यावर संतोष चिडून राह्यलाय. त्याचं बराबर असंल. मी आपला चेहरे बघत बसलो.
आता कबड्डीचं. हळूहळू लिहितो.
दुपारची जेवणं उरकून समदे जमले. फक्कीनं रेघा मारलेल्या. ओट्यावर बाया दाटीवाटीनं. कौ.ची जागा खांबापाशी, तिथं कोणी बसलं न्हवतं. मुद्दाम सोडली का आपोआप राह्यली, कळलं न्हाई.
नाम्यानं आधी घेतलं. संतोषनं घेतलं, घाईघाईत, पण घेतलं, सुनिताच्या शेजारच्या बाया तिला कोपरानं ढोसत होत्या. असं करत मह्यावर आलं. बशीरभाईनं मह्याकडं बघितलं. शिट्टी तोंडात, वाजवली न्हाई.
मी रेघंवर उभा राह्यलो अन् उखाणा गेला. साफ. शतक गेलं, साल गेलं, काल गेलं. एकबी शब्द डोक्यात न्हाई. नुसतं म्हणलं, "कौसा."
तेबी घोगरं. मागं नाम्याला तरी ऐकू गेलं का न्हाई देव जाणं.
अन् मला भ्या वाटत होतं तसंच झालं. गप्प. पार नदीकडचा पंप ऐकू यायला लागला. गज्या खाली बघून राह्यला. मी पाय उचलावा का मागं फिरावं, काही सुचंना.
तवा ओट्यावरनं आवाज आला.
"ऐकू आलं न्हाई."
सुनिता. उभी राह्यल्ती. पदर डोक्यावर, हात खांबाला, अन् आवाज असा की पलीकडच्या वस्तीवर जावा. ही पोरगी इतकं मोठं बोलू शकती हे मला आज कळलं. तिच्या नवऱ्यालाबी आजच कळलं असणार, त्याचं तोंड उघडंच राह्यलं.
मी म्हणलं, "कौसा." आता मोठ्यानं.
"ऐकू आलं न्हाई." ह्या टायमाला दोघीतिघी होत्या.
मंग समदा ओटा. कोणी हसून, कोणी पदर डोळ्याला लावून. मला नवा उखाणा काही आठवंना, तोंडात आला तो जुनाच. पहिल्या सालचा. पाखरांचा थवा, कौसाचं नाव घेतो, आता चहा ठेवा. सगळं गाव मह्यासंगं बोललं शेवटचा शब्द. नाम्या ठरल्याप्रमाणं रडला. मीबी रडलो. खेळाचा इस्कोट काही झाला न्हाई.
गज्या हात वर करून उभा. "पंच, उखाणा जुना हाय. नियमात न्हाई."
खरंच होतं ते. बशीरभाईनं डोळे पुसले अन् म्हणाला, "जुना है. आज चलाता मैं. अगले खेल कू नवा लगेगा." अन् शिट्टी.
पहिल्याच चढाईत मेलो. बाहेर जाऊन बसलो. मंग नाम्यानं त्यांचा एक गडी मारला अन् मी उठलो, पुन्हा आत. कबड्डीत हे बरं हाय, मेलेला उठतो. असं बसल्या बसल्या वाटलं. पण मंग गज्या चढाईला आला अन् मी त्याचा पाय धरला. असा धरला की त्याला रेघ दिसत होती पण हात पोचत न्हवता. ओट्यावर नुसता कल्ला. गुडघा गेला कामातनं, पण धरला.
उन्हं उतरली तवा दोघांचे बराबर झाले. बराबर म्हणजे बिलकुल बराबर. गज्या म्हणे एक चढाई आणखी. तेवढ्यात मशिदीतनं बांग. बशीरभाईनं शिट्टी खिशात घातली, खजूर काढला. म्हणे, "राह्यला खेळ ईद के बाद."
कोणीच जिंकलं न्हाई. समद्यांनी त्याच्या डब्यातला एक-एक खजूर खाल्ला.
घरी आलो तर सुनिता पुन्हा दाराआड. आज शेंगदाण्याची चटणी अन् बाजरीची भाकर. बरं वाटून राह्यलं. खरंच बरं वाटून राह्यलं.

१ जाने. २०००, शनि.
नवी डायरी अजून आली न्हाई, म्हणून जुनीच्याच मागच्या कोऱ्या पानावर.
वीज गेली न्हाई. टीव्ही चालू हाय. निजाम काही परत आला न्हाई. नाम्या सकाळी येऊन खात्री करून गेला.
लंगडत शेतात गेलो. तुरीला शेंगा भरल्यात, ह्या सालचं पीक कौ.नं पेरणीला बघितलेलं शेवटचं. हातानं शेंग सोलून खाल्ली. गोड हाय. औंदाचं साल वाईट गेलं असं लिहिणार होतो, पण समदं वाईट गेलं न्हाई. निम्मं साल तर ती होतीच.
ईदीनंतर राह्यलेला खेळ हाय, म्हणजे पुन्हा रेघ, पुन्हा नाव. एका हिवाळ्यात दोनदा. असं कधी झालं न्हाई. गज्या नव्या उखाण्यासाठी टपून बसणार, म्हणून चालता चालता तेच जुळवीत होतो. "जशी होती ती काल" मोडून टाकलं. घेतो म्हणल्यावर आत्ताच घेतो ना, मंग होती कामून घालावं.
ह्याच नादात घरी आलो. दारात चपला काढल्या अन् सवयीनं हाक मारायला गेलो, "ऐकलं का." जुलैपास्नं किती बार असं झालं, अन् दर बारी सुनिता पाण्याचा तांब्या ठेवून जाती, न बोलता. आज तोंडातनं भलतंच निघालं. "कौसा," म्हणलं. घरात. उंबऱ्यावर उभं राहून, चांगलं खणखणीत. इतक्या सालात घरात पहिल्यांदा.
आत भांडं वाजायचं थांबलं. मला वाटलं आता तांब्या येईल.
सुनिता आतूनच म्हणाली, "ठेवते चहा, आण्णा. दूध हाय आज."
उखाण्याची पहिली ओळ तीच ठेवली. दुसरी अजून जमंना. ईदीला येळ हाय.